नेव्ही ब्ल्यूचा कप्पा

लातूरच्या कापड लाईनीत वीरण्णा बोळेगावे यांचं मॅचिंग सेंटर आहे. साडीला जुळणारं ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल एवढंच तिथं मिळतं. दुकान अरुंद, पण आत खोल. दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत कप्पे, आणि कप्प्यांत रंगाच्या चढत्या क्रमानं लावलेले ताके. दाराजवळ पांढरा आणि मोतिया, मग लिंबू, हळदी, केशरी, आबोली, राणी, डाळिंबी, असं करत करत पार मागच्या कोपऱ्यात नेव्ही ब्ल्यू आणि काळा. रेणापूर-चाकूरकडच्या बायका साडी पिशवीत घालून यायच्या. वीरण्णा काठावर अंगठा फिरवायचे आणि बोलता बोलता कप्प्याकडं हात न्यायचे. बहुतेक वेळा पहिलाच ताका जुळायचा. घरची माणसं त्यांना अप्पा म्हणत, आणि गिऱ्हाईकंही अप्पाच म्हणू लागली होती.

मुलगा संगमेश सुरतची खरेदी आणि हिशेब बघायचा. त्याचं लग्न उदगीरच्या स्वप्नालीशी झालं. तिला घरात बसून राहणं जमेना, म्हणून सासू उमाबाईंनीच सुचवलं, की बायकांचंच दुकान आहे, ही बसली तर बरंच होईल. अप्पांनी तिला काम शिकवलं, आणि मन लावून शिकवलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी राखाडी ताक्याचे दोन तुकडे फाडले. एक लालभडक कापडावर ठेवला, दुसरा हिरव्यावर.

"ह्यातला हिरवट कोणता?"

स्वप्नालीनं लालवरच्या तुकड्याकडं बोट केलं. तो खरंच हिरवट दिसत होता, आणि हिरव्यावरचा किंचित गुलाबी. अप्पांनी दोन्ही उचलून एकमेकांना चिकटवले. एकच रंग.

"आता ठाव हाय ना दोन्ही एक हायत म्हणून? परत बघ." त्यांनी तुकडे परत जागच्या जागी ठेवले. ते परत वेगळे दिसले. "माहीत असून बी डोळा ऐकत न्हाई. डोळा एकट्या रंगाला बघतच न्हाई, त्याचा शेजार बघून ठरवतो. म्हणून साडी कवा बी पांढऱ्या चादरीवर पसरायची. आन् ट्यूबखाली जुळलं म्हणून कापायचं न्हाई. पायरीवर न्यायचं, उन्हात. आतला जोड बाहेर सुटतो."

स्वप्नालीला हे फार आवडलं. माहेरी फोनवर तिनं ते आईला सांगितलं. वर्षभरात ती सासऱ्याच्या जोडीनं काउंटर सांभाळू लागली.

तक्रारी कधी सुरू झाल्या ते नेमकं सांगता येणार नाही. चाकूरच्या एका शिक्षिकेनं पांढरं अस्तर मागितलं होतं आणि तिला फिकट लिंबू रंगाचं गेलं. अप्पा म्हणाले, धुताना कशाचा तरी रंग लागला असेल. दुसरीला जांभळ्या साडीवर चॉकलेटी पीस गेलं. अप्पा म्हणाले, तिच्या घरात पिवळे दिवे असतील. दुकानातले दिवे मंद झालेत म्हणून त्यांनी सगळ्या ट्यूब बदलून घेतल्या, मग त्या नव्याही मिणमिणत्या निघाल्या म्हणून दुकानदाराला बोलले. संगमेश म्हणाला, "अप्पा, लख्ख उजेड हाय की." अप्पांनी व्होल्टेज कमी असल्याचं सांगितलं.

अप्पांना चष्मा होता. पेपर वाचता यायचा, रस्त्यापलीकडचा माणूस ओळखू यायचा. त्यामुळं डोळ्यांचा संशय कुणालाच आला नाही.

मग मागच्या कोपऱ्यातला प्रश्न आला. स्वप्नालीला एका सकाळी नेव्ही ब्ल्यूच्या कप्प्यात काळे ताके दिसले. तिनं ते काढून खालच्या कप्प्यात ठेवले. दुपारी ते परत वर. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा काढले. तिसऱ्या वेळी अप्पांनी तिला गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "माझे ताके कोण हलवून राहिलं?"

"मी हलवले अप्पा. ते काळे हायत."

"मला काळा शिकवतीस?"

"शिकवत न्हाई. पण काळे हायत."

काउंटरवर रेणापूरच्या दोघीजणी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घालून साडीची घडी मोडायला घेतली. अप्पा आवाज न चढवता म्हणाले, "ज्याला रंग कळत न्हाई त्यानं मॅचिंगच्या दुकानात बसू न्हाई. उद्यापून तू घरीच ऱ्हा."

स्वप्नालीनं ओढणी नीट केली आणि त्या गिऱ्हाइकांचं पीस कापून दिलं. मग ती घरी गेली.

संगमेश वडिलांशी बोलला, त्याचा उपयोग झाला नाही. उमाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी सरळ हाय, उगं बोलायची न्हाई." अप्पा म्हणाले, "मग काय माझे डोळे उगं बोलून राहिले का?" पुढं महिनाभरात स्वप्नालीनं एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम धरलं. प्रवेशासाठी आलेल्या आईबापांना बॅच, फी, हॉस्टेल समजावून सांगायचं काम. सकाळी स्कूटीवर जायची, संध्याकाळी यायची, अप्पांना जेवायला वाढायची. दुकानाचा विषय काढायची नाही.

त्याच हिवाळ्यात नांदेडला लग्न निघालं. उमाबाईंच्या थोरल्या बहिणीची, कमलम्माची नात. हळदीच्या दिवशी घरातल्या सगळ्या बायकांनी सारख्या साड्या नेसायच्या ठरलं: पिवळी साडी, नेव्ही ब्ल्यू काठ. ब्लाउज अर्थातच अप्पांकडून. कमलम्मानं एक साडी आणि सगळ्यांची मापं लातूरला पाठवली. अप्पांनी साडी पांढऱ्या चादरीवर पसरली, ताका काढला, पायरीवर उन्हात नेऊन बघितला, आणि शेजारच्या टेलरकडं शिवायला टाकला. टेलरकडं फक्त कापड गेलं, साडी गेली नाही. शिवून आलेले ब्लाउज घरी आले तेव्हा उमाबाईंनी एक उलगडून बघितला.

"जरा जास्तच गडद वाटून राहिलं."

"नेव्ही गडदच असतो."

बत्तीस वर्षं त्यांनी या बाबतीत नवऱ्याचा शब्द शेवटचा मानला होता. त्यांनी ब्लाउज घडी करून पिशवीत ठेवला.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे नांदेडला पोचले. चहा झाला. कमलम्मानं पिशवी उघडली, वरचा ब्लाउज काढला, मग खालचा, मग त्याच्याही खालचा. तिची सून उज्वला शेजारी उभी होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"वीरण्णा," कमलम्मा म्हणाली, "हे काळं हाय."

"नेव्ही हाय अक्का. घरात उजेड कमी हाय."

"हळदीला काळं नेसत्यात का कोणी?"

"अक्का, मी सांगून राहिलो ना. गच्चीवर चला, उन्हात बघा."

सगळे गच्चीवर गेले. कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या बाजूला सारून कमलम्मानं साडी पसरली. पिवळ्या साडीचा निळा काठ उन्हात स्वच्छ दिसत होता. त्यावर अप्पांनी स्वतःच्या हातानं ब्लाउज ठेवला आणि सरळ उभे राहिले.

"बघा. आता तर पटलं?"

वधूची एक मैत्रीण तोंडावर हात धरून जिन्याकडं गेली. अप्पांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. संगमेशनं नजर वळवली.

अप्पा म्हणाले, "दुकानात हिनं ताके इकडचे तिकडं केले व्हते. त्यातच काय तरी झालं असंल." त्यांचं बोट स्वप्नालीकडं होतं.

स्वप्नालीच्या मनात पुष्कळ आलं. दुकान सोडून तिला तीन महिने झाले होते, हे इथं सगळ्यांना माहीत नव्हतं, आणि ते सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. पण ती अप्पांच्या तोंडाकडं बघत होती. चुकलेला माणूस चिडतो तेव्हा कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. अप्पा गोंधळले होते. आपण दिवसाला दिवस म्हणतोय आणि सगळे नाही म्हणतायत, असा त्यांचा चेहरा झाला होता.

ती पुढं आली. तिनं ब्लाउजची बाही काठाला लावून धरली.

"अप्पा, ह्या दोन्हीत फरक दिसतो का तुमाला?"

"फरकच न्हाई तर दिसंल कुठून?"

"थोडा बी न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना."

स्वप्नालीनं ब्लाउज घडी करून पिशवीत टाकला. "उज्वलाताई, वजिराबादच्या बाजारात रेडिमेड मिळतील. दुकानं बंद व्हायच्या आत जाऊ." दोघी रिक्षानं गेल्या आणि निळे रेडिमेड ब्लाउज घेऊन आल्या. कुणाला सैल झाले, कुणाला घट्ट. पिना लावून हळद पार पडली. जेवणाच्या पंगतीत कमलम्मानं अप्पांना आग्रह करून पोळी वाढली, पण त्या दोन दिवसांत रंगाचं नाव तिनं काढलं नाही, आणि तेच अप्पांना जास्त लागलं.

परतीच्या वाटेवर स्वप्नाली संगमेशला हळूच म्हणाली, "अप्पा हट्टानं बोलून राहिले न्हाईत. त्यांना खरंच दिसत न्हाई. डोळ्याचा डॉक्टर गाठा."

डॉक्टर धम्मप्रिया सोनकांबळे लातुरातच होत्या. वयानं स्वप्नालीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी अप्पांची हनुवटी यंत्रावर टेकवली, दोन्ही डोळ्यांत प्रकाशाची बारीक चीर सोडून बघितलं आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडं. पांढरा नाही, तपकिरी."

"मला पेपर वाचता येतो की," अप्पा म्हणाले.

"येणार. धूसर कमी आहे, रंग जास्त आहे. बाहुलीमागं एक भिंग असतं. वयाबरोबर ते पिवळं पडतं, काहींचं पार चहासारखं होतं. निळा उजेड त्यातून आत जातच नाही. नेव्ही ब्ल्यूमधला निळा अडला, की मागं काय उरणार? काळा."

अप्पांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, हा रुमाल मला पांढरा दिसतो. पिवळ्या काचेतून बघत असतो तर पिवळा दिसला नसता का?"

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला असावा. पुढचा पेशंट बोलवायला निघालेल्या मुलीला त्यांनी हातानं थांबवलं.

"तुमच्या घरी पूर्वी पिवळे बल्ब होते ना? त्या उजेडात धोतर कुठलं दिसायचं?"

"पांढरंच."

"खरं तर त्याच्यावरून पिवळा उजेड येत होता. पण मेंदू समोरचं सगळं बघतो, दिवाच पिवळा आहे हे ओळखतो आणि तेवढा पिवळा वजा करून टाकतो. तुम्हाला न विचारता. म्हणून धोतर पांढरं. हे तर तुम्हाला धंद्यात माहीत असेलच."

"हाव. म्हणूनच मी गिऱ्हाइकाला पायरीवर नेतो."

"दिव्याचा पिवळेपणा बाहेर असतो, तो पायरीवर गेल्यावर सुटतो. तुमचा आत आहे. तो पायरीवर पण तुमच्याबरोबर येतो. आणि तो एका दिवसात आला नाही. वर्षानुवर्षं थोडा थोडा चढत गेला, आणि मेंदू थोडा थोडा वजा करत गेला. रुमाल पांढराच राहिला. पण जो निळा आतच पोचला नाही, तो मेंदू आणणार कुठून?"

अप्पांनी रुमाल उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "म्हणजे मला आतून कवाच कळलं नसतं."

"नसतं."

ऑपरेशन आधी उजव्या डोळ्याचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं बाहेर काळा गॉगल लावून अप्पा घरी आले. आत गेल्यावर त्यांनी गॉगल काढला आणि आरशासमोर उभे राहिले. उमाबाईंनी कपाळाला विभूती लावून दिली होती. त्यांनी डावा डोळा झाकला. विभूतीचे पट्टे असे पांढरे होते, की त्यांना निळसर झाक होती, दुधावर असते तशी. मग उजवा झाकला. तेच पट्टे कोऱ्या चहात बुडवून काढल्यासारखे झाले. त्यांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं. कालपर्यंत ते दुसऱ्या रंगालाच पांढरा म्हणत होते.

उमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय चाललंय?"

"तुझी साडी जांभळी हाय."

"नांदेडच्या लग्नात मिळाल्यापून हायच की. अक्कानं दिलेली."

"मी आजवर तपकिरी समजत व्हतो."

उमाबाई पदराकडं बघत म्हणाल्या, "तरीच कवा चांगली म्हणला न्हाईत."

डॉक्टरांनी आराम सांगितला होता, पण चार वाजता अप्पांनी संगमेशला गाडी काढायला लावली. दुकानात शिरल्यावर ते थेट मागच्या कोपऱ्यात गेले. नेव्ही ब्ल्यूच्या कप्प्यासमोर उभे राहून त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला. कप्प्यातले निम्म्याहून जास्त ताके काळे होते. खालच्या काळ्याच्या कप्प्यात दोन नेव्ही होते. मग ते वरून खाली, दारापर्यंत, एकेका कप्प्यासमोर थांबत आले. पांढऱ्यात लिंबू होता. रामा हिरव्यात निळे घुसले होते. ही सगळी लावणी त्यांची स्वतःची होती. स्वप्नाली गेल्यावर त्यांनी दुकानाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

संगमेश म्हणाला, "अप्पा, मी उद्या नीट लावतो."

"तू राहू दे." ते स्टुलावर बसले. काळे ताके ओढून त्यांनी काउंटरवर ठेवायला सुरुवात केली. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून खालच्या कप्प्यांतले संगमेशनं काढून दिले.

संध्याकाळी स्वप्नाली क्लासवरून आली. अप्पा बैठकीत बसले होते. ती चप्पल काढून आत जायला निघाली तेव्हा ते म्हणाले, "स्वप्नाली, बस जरा."

ती बसली.

"दोष माझ्या डोळ्यात व्हता. मी तो तुझ्यावर टाकला. दुकानात टाकला, आन् नांदेडला चारचौघात टाकला."

"हाव अप्पा."

त्यांना आणखी काही ऐकायची अपेक्षा असावी. तिनं खांद्यावरची पिशवी काढून बाजूला ठेवली. मग त्यांनीच विचारलं, "दुकानात येशील का परत?"

"आता प्रवेश चालू हायत. मी तिथं शब्द दिलाय." मग ती म्हणाली, "आणि मला तिथं बरं वाटतं. रविवारी सुट्टी असती, तवा येईन. पण काळ्याला काळा म्हणलं तर चालंल का, ते आत्ताच सांगा."

"चालंल."

"डोळे झाकून हो म्हणू नका."

"एकच झाकलाय," अप्पा म्हणाले. त्यांनी खरोखरच एक हात डाव्या डोळ्यावर धरला होता. स्वप्नाली हसली नाही, पण उठताना तिनं विचारलं, औषधाचे थेंब घातले का.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरानं झालं. त्यानंतरच्या काही दिवसांत अप्पा मुलासारखे वागले. आकाश दाखवायचे, उमाबाईंना पितळेची आणि स्टीलची भांडी शेजारी शेजारी ठेवायला लावायचे. मग हळूहळू ते थांबलं. तपासणीला गेले तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "मॅडम, पहिल्यांदा सगळं निळं निळं दिसायचं. आता न्हाई दिसत. पहिल्यासारखं साधं झालं. परत काय बिघडलं का?"

डॉक्टरांनी डोळे बघितले. "काही बिघडलं नाही. निळा आत येतोय तसाच. मेंदूनं नवा पांढरा ठरवला, एवढंच."

"मग खरा पांढरा कोणता? तवाचा का आत्ताचा?"

"ते मला सांगता येणार नाही, अप्पा. मी फक्त भिंग बदलते."

हे उत्तर अप्पांना अपुरं वाटलं. पण त्यांना आता नेव्ही आणि काळा वेगळे दिसत होते आणि धंद्याला तेवढं पुरेसं होतं. नांदेडला कमलम्माला त्यांनी फोन केला. डोळ्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे, नातीचा संसार नीट चाललाय. पुढच्या कार्याचे ब्लाउज मात्र त्या लोकांनी नांदेडलाच शिवून घेतले.

स्वप्नाली रविवारी दुकानात यायला लागली. प्रवेशाचे दिवस संपले, तरी तिनं क्लासची नोकरी सोडली नाही, आणि अप्पांनी त्याबद्दल विचारलं नाही. आठवड्यात ते कापड कापण्याआधी समोरच्या बाईला म्हणायचे, "तुमी बी बघा, तुमाला जुळतंय का." जुन्या गिऱ्हाइकांना हे विचित्र वाटायचं. एक-दोघी म्हणाल्या, अप्पा, तुमी सांगायचं, आमी कशाला? तरी ते विचारत राहिले.

एका रविवारी सुरतेहून आलेला माल लावताना एक ताका हातात राहिला. अप्पांनी तो चिंतामणी निळ्याच्या कप्प्याकडं नेला.

"अप्पा, तो रामा हाय. हिरवट हाय."

"निळा हाय."

दोघं पायरीवर गेले. उन्हात ताका उलगडला. स्वप्नालीला तो हिरवट दिसला, अप्पांना निळसर. त्यांनी एकेक डोळा मिटून बघितलं, दोन्ही डोळे सारखंच सांगत होते. संगमेशला हाक मारली. तो म्हणाला, निळा. शेजारच्या चप्पलवाल्या चंद्रप्पाला विचारलं. तो म्हणाला, हिरवा, ह्यात विचारायचं काय.

"आता?" स्वप्नाली म्हणाली.

अप्पांनी ताका गुंडाळला. आत जाऊन त्यांनी हिरव्याचा शेवटचा आणि निळ्याचा पहिला ताका थोडे बाजूला सरकवले, आणि मधे झालेल्या जागेत तो उभा करून ठेवला. तेवढ्यात पायरीवर एक बाई पिशवीतून साडी काढत आली, आणि स्वप्नालीनं पांढरी चादर झटकून काउंटरवर पसरली.